छापणारा सुटतो, देणारा सापडतो

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



वृत्तपत्र स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे संपादकांच्या कथा सुरू होतात. टिळकांवरचे खटले, आणीबाणीतली सेन्सॉरशिप, जप्त झालेले अंक. या कथा सांगितल्याच पाहिजेत. पण आज मी संपादकाच्या खुर्चीत बसून बोलणार नाही. सरकारी कचेरीत ज्या टेबलावरून कागद बाहेर जातो, त्या टेबलापाशी मला तुम्हाला घेऊन जायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. एखाद्या देशात वृत्तपत्रे किती मोकळी आहेत हे बघायचे असेल, तर बातमी छापणाऱ्याचे काय झाले एवढ्यावर थांबू नका. ती देणाऱ्याचे काय झाले, याची चौकशी करा.

ही गोष्ट लंडनमध्ये 1878 साली सुरू होते. परराष्ट्र खात्यात चार्ल्स मार्व्हिन नावाचा एक हंगामी लेखनिक नकला उतरवण्याचे काम करत असे. बर्लिनला युरोपातल्या सत्तांची परिषद भरायची होती, आणि ती भरण्याआधीच ब्रिटन व रशियाने आपसात गुपचूप करार उरकून घेतला होता. तो मसुदा नकलेसाठी मार्व्हिनच्या हाती आला. त्याने त्याचा गोषवारा 'ग्लोब' या सायंदैनिकाला दिला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांनी उमरावांच्या सभागृहात उभे राहून, या बातमीवर विश्वास ठेवू नका, असे सांगितले. त्यानंतर 'ग्लोब'ने सगळा करारच छापून टाकला. मार्व्हिनला अटक झाली, पण खटला काही उभा राहीना. त्याने कागद पळवलाच नव्हता, मजकूर पाठ केला होता. पाठ करणे हा गुन्हा ठरेल असा कायदा तेव्हा नव्हता. तो सुटला.

सरकारने यातून धडा घेतला. मंत्र्याने सभागृहाची दिशाभूल करू नये, हा धडा घेतला असता तर आजचे व्याख्यान वेगळे झाले असते. सरकारला दिसले ते एवढेच, की लेखनिकाला अडकवायला कायदा अपुरा पडला. पुढे 1889 मध्ये ब्रिटनचा पहिला ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आला, आणि त्याच वर्षी त्याची हिंदुस्थानी आवृत्तीही मंजूर झाली.

लॉर्ड कर्झन यांना तोही पुरेना. 1903 च्या डिसेंबरात त्यांच्या सरकारने दुरुस्तीचे विधेयक आणले. लष्करी आणि आरमारी गुपितांपुरता असलेला कायदा आता मुलकी कारभारालाही लागू व्हायचा होता. पोलिसांना विनावॉरंट अटकेची मुभा होती, आणि आपला हेतू निर्दोष होता हे दाखवण्याचे ओझे बऱ्याच अंशी आरोपीवर टाकले होते. कायदेकौन्सिलात त्याला कसून विरोध केला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये सरकार लोकांना कायद्याने जबाबदार आहे. इथे ती जबाबदारी केवळ नैतिक आहे. अनिर्बंध सत्ता हाती असलेल्या नोकरशाहीवर बाहेरून सतत चालणारा अंकुश एकच, तो म्हणजे वर्तमानपत्रांची टीका. तोच काढून घेतलात तर उरले काय, असा त्यांचा सवाल होता. या विधेयकावर देशी पत्रांइतकीच अँग्लो-इंडियन पत्रेही तुटून पडली होती. निवड समितीत थोडीफार कातरी लागून मार्च 1904 मध्ये कायदा झालाच.

गोखल्यांना हा विषय पुस्तकी नव्हता. सात वर्षांपूर्वी त्यांनी त्याचे चटके सोसले होते. 1897 मध्ये ते हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरझडत्या घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांच्या वर्तनाबद्दल पुण्याहून त्यांना पत्रे येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले की दोन स्त्रियांवर अत्याचार झाले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. पार्लमेंटात प्रश्न आला. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. त्याआधीच पुण्यातले प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. जुलैअखेर गोखले मुंबईला उतरले तेव्हा टिळकांना अटक झालेली होती आणि नातू बंधूंना 1827 च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, स्थानबद्ध केले होते. अशा दिवसांत साक्षीला पुढे येणार कोण? गोखल्यांना आरोप शाबीत करता आला नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली.

या माफीबद्दल महाराष्ट्राने त्यांना पुष्कळ बोल लावले. 'कच खाल्ली' हा शेरा त्यांच्या मागे जन्मभर राहिला. पण एक गोष्ट आपण फारशी लक्षात घेत नाही. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी दिली नाहीत. नावे सांगून त्यांना मोकळे होता आले असते. 'मला अमक्याने लिहिले, त्याला विचारा' एवढे म्हणणे पुरेसे होते. त्यांनी स्वतःची अब्रू घालवली आणि नावे पोटात ठेवली. टिळकांनी आपल्या पत्रातल्या मजकुराची जबाबदारी अंगावर घेऊन 18 महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. गोखल्यांनी दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी नामुष्की पत्करली. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या आपल्या इतिहासात पहिल्या धैर्याला मोठे पान आहे. दुसऱ्याला एखादी ओळही आपण दिलेली नाही.

आता पुढची गोष्ट ऐका. वर्तमानपत्र तेच आहे, फक्त नावातले 'मँचेस्टर' गळून 'गार्डियन' उरले आहे. साल 1983. अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर यायची होती. त्यांच्याविरुद्ध स्त्रियांनी तळाबाहेर तंबू ठोकून ठिय्या मांडला होता. परराष्ट्र खात्यात सारा टिस्डॉल नावाची 23 वर्षांची एक लेखनिक होती. संरक्षणमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना लिहिलेल्या टिपण्या तिच्यासमोर आल्या. क्षेपणास्त्रे कधी येतील आणि ही बातमी पार्लमेंटपुढे कोणत्या बेताने मांडायची, याचा खल त्यांत होता. लोकप्रतिनिधींना नीट प्रश्नही विचारता येऊ नयेत अशी ही आखणी तिला गैर वाटली. तिने फोटोकॉपी काढल्या आणि 'गार्डियन'च्या कचेरीत नेऊन ठेवल्या. नाव सांगितले नाही. कागद कोणी आणून दिले हे संपादकांनाही ठाऊक नव्हते.

'गार्डियन'ने त्यातली एक टिपणी छापली. सरकारने कागद परत मागितले. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने पत्रकाराला आपले सूत्र झाकण्याचे संरक्षण दिले होते, पण त्याला राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद होता. न्यायालयाने अपवादावर बोट ठेवून कागद देण्याचा हुकूम केला, आणि पत्राने तो मानला. फोटोकॉपीवरच्या खुणांवरून परराष्ट्र खात्यातले कॉपीयंत्र सापडले आणि यंत्रावरून ती सापडली. मार्च 1984 मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. कागद वेळीच नष्ट न केल्याची खंत संपादक पीटर प्रेस्टन यांना पुढे कायम राहिली. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे निघाले.

मी इथे 'गार्डियन'ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. कायद्याचे पालन करणारे पत्र न्यायालयाचा हुकूम पाळते. मुद्दा वेगळा आहे. आपण ज्याला वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हणतो, त्याचे कुंपण छापखान्याभोवती आहे. कागद देणारा त्या कुंपणाबाहेर राहतो, आणि शिक्षेचा पट्टा बसतो तो त्याच्या पाठीवर.

अमेरिकेत हेच चित्र मोठ्या कॅनव्हासवर दिसते. 1971 मध्ये डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचा सुमारे 7,000 पानांचा गुप्त इतिहास झेरॉक्स करून 'न्यूयॉर्क टाइम्स'ला दिला. सरकारने छपाई थांबवण्यासाठी धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 1971 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी पत्रांच्या बाजूने निकाल दिला, आणि हा निकाल जगभरच्या पत्रकारितेच्या वर्गांतून शिकवला जातो. मात्र त्याच वेळी एल्सबर्ग यांच्यावर 1917 च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला चालू होता आणि सगळे आरोप मिळून 115 वर्षांची शिक्षा होऊ शकत होती. 1973 मध्ये ते सुटले, पण 'लोकहितासाठी केले' हा बचाव मान्य होऊन नव्हे. बदनामीला उपयोगी पडेल असे काही शोधायला सरकारच्याच माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी केली होती. ती उघडकीला आल्यामुळे न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. सरकार सभ्यपणे वागले असते, तर एल्सबर्ग बहुधा तुरुंगात गेले असते. पुढे 'विकिलीक्स'ला गुप्त लष्करी कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना 2013 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली. ओबामांनी ती कमी केल्यामुळे 2017 मध्ये त्या बाहेर आल्या.

सरकार कारकुनाला शिक्षा करते तेव्हा 'हेतू' या शब्दाला फार घाबरते. क्लाइव्ह पॉन्टिंग यांचा खटला त्यासाठी पाहावा. हे ब्रिटिश संरक्षण खात्यातले वरिष्ठ अधिकारी. फॉकलंड युद्धात 'बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली गेली. त्याबद्दल सरकार पार्लमेंटला खरी हकीकत सांगत नाही, म्हणून त्यांनी कागद एका विरोधी खासदाराला धाडले. ते वर्तमानपत्राला दिले नव्हते. लोकप्रतिनिधीला दिले होते. 1985 मध्ये न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले की राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार जे ठरवील ते. ज्युरीत बारा साधी माणसे होती. त्यांनी पॉन्टिंग यांना निर्दोष सोडले. यावर सरकारने काय करावे? 1989 मध्ये नवा कायदा आणला, त्यात कोणतीही सरकारी माहिती विनापरवाना देणे गुन्हा ठरवणारे, 1911 च्या कायद्याचे बदनाम कलम 2 काढून टाकले, आणि 'लोकहितासाठी केले' असे म्हणायला जागाच ठेवली नाही.

तरीही तिथे ते कलम गेले, हे लक्षात ठेवा. कारण 1911 चा तो ब्रिटिश कायदा कॉमन्स सभागृहात एका दुपारी तासाभराच्या आत मंजूर झाला होता, आणि त्याच धर्तीवर 1923 चा आपला ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट बेतला गेला. कलम 2 चे आपल्याकडचे भावंड म्हणजे कलम 5. ब्रिटनने मूळ फेकून दिले, आपण नक्कल जपून ठेवली. 'गोपनीय' म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. कागदावर शिक्का मारणारा जो अधिकारी, तोच ते ठरवतो. कागद देणारा गुन्हेगार आहेच, जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार आहे. 2006 मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने हा कायदा रद्द करावा आणि खऱ्या सुरक्षेच्या बाबींपुरती तरतूद दुसरीकडे करावी, असे सुचवले. शिफारस फायलीत राहिली.

हा कायदा हाताला लागतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण म्हणजे इफ्तिखार गिलानी. जून 2002 मध्ये या पत्रकाराला दिल्लीत अटक झाली. काश्मीरमधल्या सैन्याबद्दलची गुप्त माहिती बाळगल्याचा आरोप होता. ती माहिती पाकिस्तानातल्या एका संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेल्या प्रकाशनातली होती, कोणालाही मिळण्यासारखी. हे मान्य व्हायला जानेवारी 2003 उजाडला. तोवर माणूस तिहारमध्ये.

राफेल विमानांच्या व्यवहाराची कागदपत्रे 'हिंदू'ने छापली, तेव्हा 2019 च्या मार्चमध्ये सरकारने सर्वोच्च न्यायालयात ती चोरीला गेल्याचे सांगून याच कायद्याचा धाक घातला. 'हिंदू'चे एन. राम यांनी आपले सूत्र सांगणार नाही असे ठामपणे सांगितले. न्यायालयाने 10 एप्रिल 2019 रोजी सरकारची हरकत फेटाळली आणि गोपनीय शिक्क्याचे कागद छापण्याला आडकाठी करण्याचा अधिकार या कायद्यात कुठे दिलेला नाही, हे स्पष्ट केले. म्हणजे छापणाऱ्याच्या बाजूने आपल्याकडेही बऱ्यापैकी जमीन तयार झाली आहे. देणाऱ्याच्या बाजूने मात्र काहीच नाही.

कारण देणाऱ्याला शिक्षा करायला खटल्याची गरजच नसते. सरकारी नोकरीत ज्यांनी वर्षे काढली त्यांना हे सांगायला नको. आधी कारणे दाखवा नोटीस येते. मग गोपनीय अहवालात एक शेरा पडतो. बदली होते, तीही मुलाच्या दहावीच्या वर्षी. विभागीय चौकशी लागते आणि ती चालत नाही, नुसती लटकते. ती लटकली की बढती लटकते, आणि सेवानिवृत्तीला आलेल्याची पेन्शनही लटकते. कोणी विचारले तर उत्तर तयार असते: बदली प्रशासकीय कारणास्तव. त्यावर बातमी करायची म्हटली तर तिच्यात 'बातमी' काय आहे? आणि चार सहकारी हे बघत असतात, ते आपापल्या फायलीत डोके घालतात. हीच तर शिक्षेची खरी कमाई. एकाला केली की शंभर जण शहाणे होतात.

कधी सरकार शिक्षा करत नाही, फक्त नाव झाकत नाही. सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात झारखंडमधल्या कोडरमाला नेमलेले. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी 2002 मध्ये पंतप्रधान कार्यालयाला कळवला. मुख्य पत्रावर त्यांनी सही केली नव्हती. तक्रार कोणा ऐऱ्यागैऱ्याची समजून टोपलीत जाऊ नये म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तो वेगळा कागदही पत्रासोबत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. 27 नोव्हेंबर 2003 च्या पहाटे गयेत त्यांना गोळी घालून मारले. सीबीआयने हा लूटमारीतून झालेला खून ठरवला आणि 2010 मध्ये तिघांना शिक्षा झाली. अनेकांचे त्याने समाधान झाले नाही. पण खुनामागचा हेतू काहीही असो, पत्राच्या बाबतीत दुबे यांनी टाकलेला विश्वास सरकारने मोडला, एवढे निर्विवाद आहे. पुढे 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडेला सतीश शेट्टी मारले गेले. जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारातून बाहेर काढणारा हा आपल्याच मातीतला जागल्या.

या मृत्यूंमुळे निर्माण झालेल्या दबावातून कायदा झाला. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्टवर राष्ट्रपतींची सही मे 2014 मध्ये झाली. ज्या दिवशी सरकार अधिसूचना काढील त्या दिवसापासून तो लागू व्हायचा. ती अधिसूचना निघालेली नाही. उलट 2015 मध्ये दुरुस्ती विधेयक आणून, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टपासून तक्रारदाराला मिळणारे संरक्षणच काढून घेण्याचा घाट घातला. ते लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि लोकसभेबरोबर बाद झाले. मूळ 2014 च्या कायद्यातही निनावी तक्रारीला जागा नाही, आणि वर्तमानपत्राकडे जाणाऱ्याला तर संरक्षण नाहीच.

आता दुसरी बाजू. आपण इथे टाळ्यांसाठी जमलेलो नाही, तेव्हा तीही नीट पाहू. प्रत्येक फुटलेला कागद पवित्र नसतो. 1882 मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'ने छापली. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्यांचा हेतू स्वच्छ होता, पण एका माणसाची बदनामी झाली ती झालीच. शिवाय खरी गुपितेही असतात. सैन्याच्या हालचाली, खबऱ्यांची नावे, बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख, चालू तपासातले दुवे. ही उघड्यावर आणणारा लोकहित करत नाही.

म्हणून मर्यादा हव्यातच; वाद आहे तो मर्यादेची रेघ कोणी ओढायची याचा. शिक्का मारणाऱ्याच्याच हाती रेघ दिली तर तो आपल्या चुकीभोवती ओढणार. ती न्यायालयाने ओढावी, आणि ओढताना तीन गोष्टी विचाराव्यात. या कागदाने देशाचे नेमके कोणते नुकसान झाले? त्यातून कोणता गैरप्रकार बाहेर आला? आणि आत तक्रार करायला खरोखर सोय होती का? आज आपल्या कायद्याला यातला एकही प्रश्न विचारावासा वाटत नाही.

मागण्या साध्या आहेत. 2014 चा कायदा संसदेने मंजूर केला तसा लागू करा, आणि पडताळून पाहता येणारे कागद सोबत असतील तर निनावी तक्रारही घ्या. कलम 5 रद्द करा किंवा त्यात लोकहिताचा बचाव घाला. विधी आयोगाने आपल्या 93 व्या अहवालात, 1983 मध्येच, पत्रकाराला सूत्र न सांगण्याची मुभा देणारे कलम पुरावा कायद्यात घालावे असे सुचवले होते. 2023 मध्ये पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, 1 जुलै 2024 पासून तो लागूही झाला, आणि त्यात ते कलम नाही. प्रेस कौन्सिलपुढे पत्रकाराला सूत्र विचारता येत नाही. न्यायालयापुढे आणि पोलिसांपुढे येते. ऑक्टोबर 2023 मध्ये 'न्यूजक्लिक' या वृत्तसंकेतस्थळाशी संबंधित पत्रकारांचे मोबाइल आणि लॅपटॉप दिल्ली पोलिसांनी जप्त केले, तेव्हा त्यात एका प्रकरणाचे नव्हे, वर्षानुवर्षांच्या सगळ्या सूत्रांचे क्रमांक गेले. टिस्डॉलच्या वेळी निदान एकच कॉपीयंत्र शोधावे लागले होते.

शेवटचे मागणे वर्तमानपत्रांकडे आणि तुमच्याकडे. जो कागद छापायचा त्यावरच्या खुणा, सही, प्रतीचा क्रमांक, फाइलमध्ये लपलेली माहिती आधी पुसा. मूळ प्रत कपाटात ठेवायची नसते. एखाद्याचे नाव फुटलेच, तर त्याला वकील मिळवून देणे हा बातमीचाच खर्च समजा. आणि वाचकहो, एखादा अधिकारी बोलला म्हणून निलंबित झाल्याचे वाचलेत, तर ती बातमी कापून ठेवा. सहा महिन्यांनी संपादकांना पत्र लिहून विचारा की त्या माणसाची चौकशी कुठवर आली, पगार सुरू झाला का. उत्तर आले नाही, तर पुन्हा लिहा. सरकार तुमच्या विसराळूपणावर भिस्त ठेवून शिक्षा करते. ती भिस्त खोटी ठरवणे तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.